अण्णांचे पोटॅशियम

आमच्या घरात रिपोर्ट वाचण्याचा मान माझ्याकडे आहे. मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा कागदावर जे जे छापलेले असते ते ते मला समजते, असा आमच्या मंडळींचा एक जुना समज आहे. विम्याची पॉलिसी, सोसायटीची नोटीस, औषधाच्या खोक्यातली आठ घड्यांची चिठ्ठी, सारे शेवटी माझ्यापुढे येते. मीही हा समज मोडायच्या भानगडीत पडलेलो नाही. एवढ्या वर्षांत घरात एवढाच काय तो दबदबा कमावलेला. तो आपल्या हाताने कशाला घालवा? पण यंदाच्या पितृपंधरवड्यात एका रात्री हा मान मला फार जड गेला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रक्तदाबाची गोळी घेतात, संध्याकाळी बागेत तीन फेऱ्या घालतात, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून वर्षातून दोनदा रक्त तपासून घेतात. त्याप्रमाणे त्या दिवशी सकाळी सात वाजता लॅबचा मुलगा घरी आला आणि रक्त घेऊन गेला. रात्री साडेनऊला रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. सगळे जेवून बसले होते. मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. साखर ठीक. क्रिएटिनीन ठीक. त्याखालचा आकडा मात्र जाड ठशात होता आणि त्याच्या शेजारी वर तोंड केलेला बाण होता. पोटॅशियम ८.९. पलीकडच्या रकान्यात निरोगी माणसाची मर्यादा दिलेली होती: ३.५ ते ५.१.

"पुढे?" अण्णा म्हणाले.

"पुढे सगळं ठीक आहे," मी म्हणालो आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सौ.ने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि काही न विचारता आमच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांनी आकडा ऐकला. मग विचारले, "अण्णा काय करताहेत?"

"शब्दकोडं सोडवताहेत."

"बरोबर सोडवताहेत का?"

मला त्या वेळी त्यांचा राग आला. ही काय थट्टेची वेळ! पण ती थट्टा नव्हती. पोटॅशियम एवढे चढलेला माणूस सहसा असा शब्दकोडे सोडवत बसत नाही. हातापायांतली शक्ती जाते, हृदयाचा ठोका बिघडतो. "मूत्रपिंडं चांगली चालू असताना हे एवढं एकाएकी चढावं, हे मला पटत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण अशा आकड्यावर फोनवर बसून पैज लावायची नसते. हा खरा असला, तर हृदय केव्हाही बंद पडेल. ताबडतोब हॉस्पिटलात न्या, कार्डिओग्राम काढा, रक्त पुन्हा तपासा."

पुढचे तीन तास मी फार लांबवीत नाही. कॅज्युअल्टीतल्या बाकावर बसून माणूस काय काय विचार करतो, ते ज्याचे त्याला ठाऊक असते. तिथली डॉक्टर तिशीच्या आतली मुलगी होती. रिपोर्ट पाहून तिने पोटॅशियम उतरवणारी औषधे, ग्लुकोज आणि इन्शुलिन, हाताशी मागवून ठेवली. मग कार्डिओग्रामची पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. "पट्टी अगदी साफ आहे," ती म्हणाली. "नवीन रक्ताचा आकडा येईपर्यंत थांबू या." त्या वेळी त्या वाक्याचे मोल मला कळले नव्हते. ज्याचे पोटॅशियम मुळात ठीक आहे, त्याचे औषधाने खाली ओढले तर तेही हृदयाला तितकेच धोक्याचे असते, हे मला नंतर समजले. साडेबाराला आकडा आला. ४.३. अण्णा म्हणाले, "म्हणजे मी सकाळपासून बराच होतो तर," आणि परत येताना रिक्षात झोपी गेले. मला मात्र झोप आली नाही. सुटकेचा आनंद साधारण अर्धा तास टिकला; मग त्याच्या जागी संताप आला.

तो संताप घेऊन मी दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये गेलो. कॉलेजात दोन तास होते, ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले. वाटेत भाषणही तयार केले होते, आणि त्यात 'मानवी प्राणांशी चाललेला खेळ' हे शब्द होते. तिथल्या मुख्य पॅथॉलॉजिस्ट पन्नाशीच्या एक बाई. त्यांनी मला बसवले, पाणी दिले, माझे भाषण दुसऱ्या वाक्यापर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "चूक आमची आहे. एक नाही, दोन. कशा झाल्या ते दाखवू का?"

माणसाने चूक कबूल केली की तयार भाषणाची फार पंचाईत होते.

त्यांनी तो रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही पोटॅशियम पाहिलंत. दोन ओळी खाली कॅल्शियम पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते. घाबरलेला माणूस चढत्या बाणाकडे पाहतो. उतरता बाण त्याला दिसत नाही. कॅल्शियम होते ४.६. निरोगी माणसाचे साडेआठ ते साडेदहाच्या आसपास असते. "हे दोन आकडे एकत्र पाहिले की आम्हांला रक्ताचा रोग दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आम्हांला जांभळं झाकण दिसतं."

वाचकहो, रक्त घेणारा माणूस आपल्या हातातून एकाच सुईने तीन-चार नळ्या भरून नेतो आणि त्यांची झाकणे निरनिराळ्या रंगांची असतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मला आजवर वाटत होते की हे रंग शोभेसाठी, फार तर मोजदादीसाठी असावेत. वास्तविक प्रत्येक नळीत आधीपासून काहीतरी घातलेले असते, आणि रंग त्याची खूण असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए नावाचे द्रव्य असते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते. हे द्रव्य ते कॅल्शियम धरून ठेवते. त्यामुळे रक्त पातळ राहते आणि पेशी मोजता येतात. फिक्या निळ्या झाकणात सायट्रेट असते. ती नळी रक्त किती वेळात गोठते हे पाहण्यासाठी. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असे माप असते, म्हणून ती खुणेपर्यंतच भरली पाहिजे. करड्या झाकणाची नळी साखरेसाठी. तिच्यात फ्लोराइड असते, कारण शरीराबाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी काही उपवास धरीत नाहीत. साध्या नळीत रक्त तसेच ठेवले तर त्या तासाला शेकडा पाच-सात या हिशेबाने साखर खाऊन टाकतात. मधुमेही माणसाची साखर लॅबच्या टेबलावर पडल्या पडल्या सुधारते म्हणा ना! लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू देतात, मग नळी यंत्रात गरगर फिरवतात आणि वर जे पिवळसर पाणी निथळते त्यात पोटॅशियम, कॅल्शियम आणि बाकीच्या गोष्टी मोजतात.

आता जांभळ्या नळीतले ते ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असते. त्या नळीतले थोडे रक्त पिवळ्या नळीत गेले तर काय होईल? पोटॅशियम वाढेल, कॅल्शियम नाहीसे होईल. माझ्या वडिलांच्या पिवळ्या नळीत नेमके हेच झाले होते. यंत्राला नळीत जे मिळाले त्याचा हिशेब त्याने अगदी चोख दिला होता. फक्त ते अण्णांचे पोटॅशियम नव्हते, नळीचे होते. म्हणूनच कोणती नळी आधी भरायची आणि कोणती मागून, याचाही क्रम ठरलेला आहे: आधी निळी, मग लाल-पिवळी, त्यानंतर जांभळी आणि अखेरीस करडी.

"आमच्या रात्रीच्या पाळीवाल्याने हे कॅल्शियम पाहून रिपोर्ट अडवायला हवा होता. ती दुसरी चूक," बाई म्हणाल्या. "पहिली तुमच्या घरी झाली."

"आमच्या घरी?" माझा आवाज पुन्हा चढला.

"काल सकाळी तिथं काय काय झालं, आठवून पाहा बरं."

मी आठवू लागलो. मुलगा विशी-बाविशीचा. त्याने अण्णांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. म्हाताऱ्या माणसाची शीर. रक्त थेंब थेंब येऊ लागले. जांभळी नळी भरली, पिवळी अर्धीही होईना. "काका, दुसऱ्या हाताला एकदा बघू का?" त्याने विचारले. अण्णा म्हणाले, "अरे बाळा, आहे त्यात भागव. पुन्हा टोचू नकोस." आणि मी? मी पायात चपला घालून दारात उभा होतो. मला आठचा तास होता. मी म्हणालो, "अहो, लवकर आटपा जरा."

त्याने लवकर आटपले. खाली स्कूटरपाशी जाऊन जांभळ्या नळीतले थोडे रक्त पिवळीत ओतले.

"हे तुम्हांला कसं कळलं?" मी विचारले.

"मी त्याला आज सकाळी विचारलं. त्यानं सांगितलं." बाई थोडा वेळ थांबल्या. "नाकारलं असतं तर मला सिद्ध करता आलं नसतं."

मी विचारले की आता त्याचे काय करणार. खरे सांगायचे तर रात्री रिक्षात मी त्याला मनातल्या मनात कामावरून काढून टाकलेच होते. बाई म्हणाल्या, "आठवडाभर त्याला मोठ्या माणसाबरोबर पाठवीन, पुन्हा शिकवीन. कबूल करणाऱ्याला काढला, तर उद्या कबूल कोण करील? आणि मुळात चूक अशी की त्याला एका सकाळी किती घरं करायला लावतो, हे आम्हीच पाहायला हवं होतं."

मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. तिथली यंत्रे पाहून मला काही विशेष कळले नाही, पण भिंतीजवळच्या पडद्यावरचा एक आलेख मला चटकन समजला, कारण तो माझ्याच धंद्यातला होता. रोज सकाळी माणसांचे रक्त लावण्याआधी यंत्रात एक असा नमुना घालतात की ज्याचा आकडा आधीच ठाऊक असतो. मधोमध एक रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा, आणि रोजचा एक ठिपका. ठिपका रेघांच्या आत पडला तर काम सुरू. बाहेर पडला, किंवा आतच राहूनही रोज एकाच बाजूला सरकू लागला, तर यंत्र थांबवायचे. उत्तरपत्रिकांच्या माझ्या गठ्ठ्यात कुणी रोज एक अशी उत्तरपत्रिका घालून ठेवावी की जिचे खरे गुण त्याला ठाऊक आहेत, आणि त्यावरून माझा हात आज सैल आहे की सायंकाळच्या डोकेदुखीने आवळला आहे ते ताडावे, तसे हे झाले. विद्यापीठाने अजून हे सुरू केलेले नाही. मी सुचवणारही नाही.

ही पद्धत मुळात टेलिफोनच्या धंद्यातली आहे. अमेरिकेत वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली कारखान्यातला माल एकसारखा निघतो की नाही हे पाहण्यासाठी असा आलेख काढला. १९५० साली लेव्ही आणि जेनिंग्ज या दोघांनी तो रक्ताच्या प्रयोगशाळेत आणला. त्याची गरजही तशीच होती. त्याआधी १९४७ साली बेल्क आणि सुंडरमन या डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या पन्नासाहून अधिक प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवले आणि उत्तरे मागवली. एकाच द्रावाची इतकी भिन्न भिन्न उत्तरे आली की पुष्कळांना लाज वाटली असेल. आज आपल्याकडेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडून असे नमुने ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना येतात, आणि आपले उत्तर इतरांच्या तुलनेत कुठे बसते ते त्यांना कळते. आपल्या लॅबच्या भिंतीवर 'एनएबीएल' या सरकारमान्य संस्थेचे प्रमाणपत्र असेल, तर हे सगळे ती करते की नाही हे बाहेरचे लोक येऊन पाहून गेलेले असतात. प्रमाणपत्रात कोणकोणत्या चाचण्या येतात हेही दिलेले असते, तेवढे वाचावे.

पण यंत्राची एवढी राखण करूनही चूक निराळ्याच दारातून येते. इटलीत पाडोवा येथील एका प्रयोगशाळेने १९९७ साली आपल्याच चुकांचा हिशेब छापला. चाळीस हजारांवर चाचण्यांत १८९ चुका सापडल्या, आणि त्यांतल्या शेकडा ६८ रक्त यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी झालेल्या होत्या. चुकीची नळी, चुकीचे नाव, सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेले रक्त, अशा साध्या गोष्टी. आपल्याकडे सुश्रुताने शिरा सोडण्याचा हात बसावा म्हणून शिष्याने आधी मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर सराव करावा, असे सांगून ठेवले आहे. कमळाचा देठ कधी "लवकर आटपा" म्हणत नाही, एवढी एक सोय त्यात होती.

या साध्या गोष्टींत घरच्या माणसांचा वाटा किती, हे त्या दिवशी मला कळले. शीर वर यावी म्हणून आपण मूठ उघडमीट करतो. त्याने पोटॅशियम खरोखरच थोडे वाढते. दंडाचा पट्टा मिनिटाहून जास्त वेळ आवळून ठेवू नये, आणि आपण मात्र तेवढ्यात फोन घेतो. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करतो. वास्तविक दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसावे. उपाशीपोटी म्हटले की आमच्याकडे पाणीसुद्धा बंद, जणू निर्जळी एकादशी! साधे पाणी चालते, उलट शीर सापडायला मदतच होते. चहा मात्र चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. आणि कोणती औषधे चालू आहेत ते सांगावे. केस गळतात म्हणून ज्या गोळ्या घेतात, त्यांतल्या पुष्कळांत बायोटिन असते. ते जास्त असेल तर थायरॉइडसारख्या काही चाचण्यांचे आकडे फसवे येतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली तसा इशाराच दिला. हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. उठून कपाटातली एक डबी वाचू लागली. रिपोर्ट वाचण्याचा माझा मान तिथे संपला असे म्हणायला हरकत नाही.

नावाचीही एक रीत आहे. रक्त घेणाऱ्याने "आपण जोशी ना?" असे विचारू नये, "पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असे विचारावे. माझे एक काका कमी ऐकू येऊ लागल्यापासून कशालाही "हो, हो" म्हणत असत; त्यांना कुणीही जोशी करून गेले असते. आणि चिठ्ठी नळीवर रक्त घेतल्यावर तिथल्या तिथे, माणसासमोर लावावी. दुसऱ्या खोलीत जाऊन लावलेली चिठ्ठी दुसऱ्याच्या नळीवर जाऊ शकते.

बाईंना निघताना मी एक शेवटचा प्रश्न विचारला. न जुळणारा आकडा दिसला की चूकच समजायची का? त्या हसल्या. "तसं समजलो असतो तर 'बॉम्बे' रक्तगट सापडला नसता." १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त मिळाले की नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचे वाटावे. पण ओ गटाचेच रक्त त्याच्याशी जुळेना. त्यांनी ते नळीची चूक म्हणून फेकून दिले नाही, पुन्हा पुन्हा तपासले. निघाला तो एक वेगळाच गट, आपल्याकडे सुमारे दहा हजारांत एकाचा. अशा माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर जिवावर बेतते. म्हणून रक्तगट आजही दोन बाजूंनी तपासतात, एकदा पेशींवरून आणि एकदा रक्तजलावरून. "न जुळलं तर पुन्हा घ्यायचं," बाई म्हणाल्या. "पुन्हाही नाही जुळलं, तर मग रक्ताचं ऐकायचं."

पिवळ्या नळीतल्या बाकीच्या चाचण्याही अर्थात पुन्हा करायच्या होत्या. दोन दिवसांनी तोच मुलगा आला, बरोबर एक वयस्कर गृहस्थ. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. मी त्या दिवशी कॉलेजात पहिला तास नसल्याची व्यवस्था केली होती आणि चपला मुद्दाम आतल्या खोलीत ठेवल्या होत्या. अण्णांनी आपण होऊन बाही वर केली.

"हे बघ," ते त्याला म्हणाले, "या हाताला नाही आलं तर त्या हाताला टोच. पण ओतू नकोस बरं का."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. मग त्याने विचारले, "आजोबा, आपलं पूर्ण नाव सांगा."

अण्णांनी नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आडनाव सांगितले, मग गाव, तालुका, जिल्हा, आणि गाव सोडून मुंबईला केव्हा आलो ते वर्षही सांगितले. मुलाने सगळे ऐकून घेतले. पहिल्याच वेळी शीर सापडली. पिवळी नळी भरली, मग जांभळी. दोन्ही त्याने हलक्या हाताने उलटसुलट केल्या, आणि आमच्यासमोर खाली बसून, गुडघ्यावर धरून, चिठ्ठीवर फक्त नाव आणि जन्मतारीख लिहिली.